लिनक्सवर सुरक्षेसाठी अजून काय टाकू? आधी आत काय काय आलंय ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा महिन्यांपूर्वी विंडोज सोडून उबंटूवर आलात. लिनक्स सुरक्षित करणाऱ्या दहा साधनांची एक यादी वाचनात आली, त्यातली क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस, आरकेहंटर व चकरूटकिट हे लपून बसलेले घुसखोर प्रोग्रॅम शोधणारे स्कॅनर, आणि फेलटूबॅन टाकून झाली. आता आरकेहंटर दरवेळी पाच-सात इशारे दाखवतो आणि मशीनमध्ये कुणी घुसलंय की काय या धास्तीने तुम्ही विचारताय की अजून काय टाकू. बँकेचे व्यवहार आणि ऑफिसचं काम याच लॅपटॉपवर होतं. आणि मधेच एक वाक्य आहे: दोन-तीन प्रोग्रॅम उबंटूच्या स्टोअरमध्ये मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या वेबसाइटवरची कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट केली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे शेवटचं वाक्य. गेली पंधरा वर्षं मी लिनक्सचे सर्व्हर आणि लोकांचे लॅपटॉप सांभाळतोय. लॅपटॉपवर जे काही बिघडलेलं मी पाहिलं, त्यातलं बहुतेक मालकाने स्वतः पासवर्ड देऊन आत घेतलेलं होतं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: या मशीनवर कुणाकुणाचं सॉफ्टवेअर चालतंय, ते कुठल्या वाटेने आलं, आणि त्यातल्या प्रत्येकावर तुम्ही कशाच्या भरवशावर विश्वास टाकलाय?

पण आधी तुमची झोप परत मिळवून देतो. आरकेहंटर सिस्टिममधल्या फायलींची एक नोंद करून ठेवतो आणि पुढच्या वेळी फाइल तशीच आहे का ते ताडून बघतो. मधल्या काळात तुम्ही अपडेट घेतले, म्हणजे फायली बदलल्या. नोंद मात्र जुनीच राहिली. मग तो ओरडणारच. ‘एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट’ नावाच्या कमांडच्या जागी स्क्रिप्ट आली आहे, असा एक इशारा तुमच्या यादीत बहुधा असेल. ती कमांड मुळातच पर्ल या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट आहे, वर्षानुवर्षं. फायलींची खातरजमाच करायची असेल तर ‘डेबसम्स’ वापरा. पॅकेजसोबत (प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यातून येतो त्यासोबत) आलेल्या मूळ आकड्यांशी तो तुमच्या डिस्कवरच्या फायली ताडून बघतो. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या: कुणी खरोखरच रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन बसलं असेल, तर त्याच सिस्टिममधून केलेल्या कुठल्याच तपासणीवर विसंबता येत नाही. तेव्हा यूएसबीवरून वेगळी सिस्टिम सुरू करून बघावं लागतं.

फेलटूबॅन हा सर्व्हरचा राखणदार आहे. लॉगिनचे चुकीचे प्रयत्न वारंवार करणाऱ्या पत्त्याला तो अडवतो. तुमच्या लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हरच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारी सेवा) चालू नसेल, आणि उबंटू डेस्कटॉपवर तो आपणहून बसत नाही, तर त्याला राखायला दारच नाही. काढून टाका. क्लॅमएव्ही चांगलं साधन आहे, पण त्याची खरी जागा मेल सर्व्हरवर, किंवा विंडोजवाल्यांना रोज फायली पाठवणाऱ्यांकडे. आणि स्कॅनर हाही एक प्रोग्रॅमच असतो. अनोळखी, संशयास्पद फायली उघडून वाचणं हेच त्याचं काम. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीच्याच एका फाइल वाचणाऱ्या भागात अशी चूक सापडली होती की मुद्दाम बनवलेली फाइल स्कॅन करताना हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. ती लगेच दुरुस्त झाली. तरीही टाकलेलं प्रत्येक साधन सांभाळावं लागतं. दहा साधनं टाकून एकाचंही अपडेट न बघण्यापेक्षा तीन टाकून तिन्हींवर लक्ष ठेवणं मला पटतं.

इथून पुढचं बरंचसं तुम्हाला कुणापासून धोका आहे यावर अवलंबून आहे. तुम्ही पत्रकार असाल, कुणा बलाढ्य माणसाच्या किंवा संस्थेच्या डोळ्यांत सलणारं काम करत असाल, तर हे उत्तर पुरेसं नाही. तुम्हाला वेगळ्या मशीनपासून सुरुवात करावी लागेल. ऑफिसने सुरक्षेचे नियम घालून दिले असतील तर ते आधी. मी धरून चाललोय की तुमची काळजी चारचौघांसारखी आहे: पैसे जाऊ नयेत, खाती कुणी बळकावू नयेत, लॅपटॉप हरवला तर कागदपत्रं परक्याच्या हाती पडू नयेत.

आता मूळ मुद्दा. ‘ओपन सोर्स आहे म्हणजे सुरक्षित’ हे अर्धंच खरं. कोड सगळ्यांना दिसतो, पण दिसणं आणि कुणीतरी तो नीट वाचणं यात फरक आहे. रूटचे अधिकार वापरू देणारी ‘सुडो’ ही कमांड तुम्ही रोज वापरता. त्यातली एक चूक २०११ साली कोडमध्ये शिरली आणि जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता तिच्या जोरावर रूट होऊ शकत होता, आणि जवळजवळ दहा वर्षं ती कुणाच्या नजरेला आली नाही. ओपन सोर्सचा मोठा फायदा मला त्यानंतर दिसतो. चूक सापडली की काय चुकलं ते उघडपणे कळतं, आणि डिस्ट्रोचे, म्हणजे उबंटू किंवा डेबियनसारखी लिनक्सची तयार सिस्टिम बनवणारे, लोक दुरुस्ती करून तुमच्यापर्यंत पोचवतात. हा फायदा तुम्हाला मिळतो तो मात्र सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या वाटेने आलं असेल तरच.

बाहेरची वाट म्हणजे काय, ते जरा जवळून बघू. वेबसाइटवरची ती एक ओळ पेस्ट केली की सर्व्हरवरून एक स्क्रिप्ट उतरते आणि न वाचता थेट रूटच्या हाती जाते. त्या क्षणी सर्व्हरवर जे असेल ते चालतं. काल कुणी वाचून ‘ठीक आहे’ म्हटलेलं आज तेच असेल याची हमी नाही. वेबपेजवर दिसणारा मजकूर आणि कॉपी होणारा मजकूर वेगळा ठेवता येतो, हेही अनेकांना माहीत नसतं. म्हणून पेस्ट करायचंच झालं तर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करा आणि काय आलंय ते वाचा.

अशा स्क्रिप्टा बहुतेक वेळा तुमच्या सिस्टिममध्ये एक नवा रेपो, म्हणजे पॅकेजं पुरवणारा सर्व्हर, जोडून जातात, आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. रेपो जोडला की त्याच्या मालकाला दोन अधिकार मिळतात. एक, त्याच्या पॅकेजमधल्या इन्स्टॉलच्या स्क्रिप्टा रूट म्हणून चालतात. दुसरा अधिकार लोकांच्या लक्षात येत नाही: तो तुमच्या कुठल्याही पॅकेजची ‘नवी आवृत्ती’ देऊ शकतो, फक्त स्वतःच्या प्रोग्रॅमचीच असं नाही.

एका छोट्या कार्यालयातला लॅपटॉप माझ्याकडे आला होता. तक्रार वेगळीच होती, पण सवयीने रेपोंची यादी बघितली तर चौदा बाहेरचे रेपो. त्यातला एक स्क्रीन रेकॉर्डरसाठी जोडलेला. प्रोग्रॅम कधीच काढून टाकलेला होता, रेपो मात्र तसाच, आणि त्याच्या मालकाने तीन वर्षांत काही टाकलेलं नव्हतं. त्या रेपोने जाता जाता व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीची आपली आवृत्ती बसवून ठेवली होती. तिचा आवृत्ती क्रमांक उबंटूच्या क्रमांकापेक्षा मोठा. त्यामुळे उबंटूने त्या लायब्ररीच्या ज्या ज्या सुरक्षा दुरुस्त्या पाठवल्या, त्या प्रत्येक वेळी सिस्टिम म्हणायची की माझ्याकडे याहून नवीन आहे. अपडेटच्या खिडकीत रोज ‘सगळं अद्ययावत आहे’ असं दिसत होतं. कुणी घुसलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, आणि तरीही तीन वर्षांच्या दुरुस्त्या बाहेरच थांबल्या होत्या. हे कुठलंही अँटिव्हायरस दाखवणार नाही.

तुम्ही ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, त्यातल्या ‘अदर सॉफ्टवेअर’ टॅबवर जा आणि प्रत्येक ओळीपुढे थांबून स्वतःला विचारा: हा कुणाचा, यातला प्रोग्रॅम मी अजून वापरतो का, आणि हाच प्रोग्रॅम आता उबंटूच्या स्वतःच्या रेपोत आलाय का? आपोआप होणारे सुरक्षा अपडेट उबंटूमध्ये सुरूच असतात, पण ते मुळात उबंटूच्या रेपोंपुरते. बाहेरच्या रेपोंकडे तुम्हालाच बघावं लागतं.

स्टोअरमध्ये आहे म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०२४ मध्ये उबंटूच्याच स्नॅप स्टोअरवर बनावट क्रिप्टो वॉलेट सापडली आणि लोकांचे पैसे गेले. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआर या संग्रहात २०१८ साली एका बेवारस पडलेल्या पॅकेजचा ताबा एकाने रीतसर मागून घेतला आणि त्यात आपला कोड घुसवला. म्हणून प्रोग्रॅमच्या नावाखाली प्रकाशकाचं नाव बघायची सवय लावा. मूळ प्रकल्पाच्या वेबसाइटवरून त्या पानावर जाता येत असेल तर उत्तम.

फाइल थेट उतरवून घ्यायची वेळ आलीच, तर चेकसम (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) आणि डिजिटल सही यांतला फरक समजून घ्या. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या डिस्ट्रोची वेबसाइट फोडून आयएसओची, म्हणजे सिस्टिम बसवायच्या फाइलची, लिंक बदलण्यात आली, आणि काही लोकांनी मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलेली मिंट स्वतःच्या हाताने इन्स्टॉल केली. जो वेबसाइट बदलू शकतो, तो तिथे छापलेला चेकसमही बदलू शकतो. त्यामुळे त्याच पानावरचा चेकसम ताडून फार तर एवढं कळतं की फाइल अर्धवट उतरलेली नाही. सही वेगळी. ती करणारी किल्ली वेबसाइटवर नसते, प्रकल्प चालवणाऱ्यांकडे असते.

सही तपासताना नवखे लोक एका जागी अडतात. सही तपासणारा जीपीजी हा प्रोग्रॅम आधी सांगतो की सही चांगली आहे, आणि खालीच इशारा देतो की ही किल्ली त्या माणसाचीच आहे याचा काही पुरावा नाही. दोन्ही खरं असतं. पहिल्या ओळीचा अर्थ, या किल्लीने या फाइलवर सही केली आणि नंतर फाइल बदललेली नाही. दुसऱ्या ओळीचा अर्थ, किल्ली कुणाची हे तुम्ही अजून तपासलेलं नाही. त्यासाठी किल्लीचा ४० अक्षरी ठसा (फिंगरप्रिंट) दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून मिळवून ताडायचा: प्रकल्पाच्या जुन्या घोषणांमधून, डिस्ट्रोच्या पॅकेजमधून, किंवा आधीपासून वापरात असलेल्या दुसऱ्या मशीनवरून. शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून थांबू नका, तेवढी जुळणारी किल्ली बनवता येते. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतात. किल्ली एकदा ठेवून दिली की पुढच्या वेळी काही सेकंदांचं काम.

आता माझ्याच सल्ल्याची मर्यादा सांगतो, कारण ती लपवली तर उत्तर प्रामाणिक राहणार नाही. एक्सझेड युटिल्स या साध्याशा कॉम्प्रेशन लायब्ररीत ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने सुमारे दोन वर्षं नेटाने मदत करून सहदेखभालीचा अधिकार मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. सही खरी होती, वाटही खरी होती. ते सापडलं आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला. डेबियनच्या ‘सिड’ या अजून घडत असलेल्या आवृत्तीवर वेगळंच काही मोजत असताना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. तो अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही माझी झोप उडवतो.

त्या घटनेतून मी कामापुरता एक निर्णय घेतला, तोच तुम्हाला सांगतो. त्या आवृत्त्या पोचल्या होत्या त्या डेबियन सिड, फेडोराची चाचणी आवृत्ती, ओपनसुसे टंबलवीड अशा सतत नवं घेणाऱ्या ठिकाणी. डेबियन स्टेबलपर्यंत त्या आल्याच नव्हत्या. पैशाचं आणि ऑफिसचं काम ज्या मशीनवर होतं, तिथे मी स्थिर आवृत्तीच ठेवतो: डेबियन स्टेबल किंवा उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. तिथे नवी वैशिष्ट्यं उशिरा येतात, पण सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर येतात. उबंटूच्या बाबतीत एक बारकावा आहे. एलटीएसची पाच वर्षांची हमी ‘मेन’ या भागासाठी असते. व्हीएलसी किंवा कीपासएक्ससीसारखी बरीच लोकप्रिय पॅकेजं ‘युनिव्हर्स’मध्ये येतात, आणि त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या उबंटू प्रो या नोंदणी करून घ्यायच्या सेवेतून मिळतात. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ते मोफत आहे. चालू करून टाका.

आणि अपडेट झाल्यावर मशीन रिस्टार्ट करा. लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतली जुनीच वापरत राहतो, आणि नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तर रिस्टार्टशिवाय सुरूच होत नाही. महिना महिना फक्त झाकण मिटून ठेवलेले लॅपटॉप मी खूप पाहतो.

‘लिनक्सवर रूटचा पासवर्ड दिल्याशिवाय काही होत नाही’ हा समज इथेच खोडून काढतो. तुमच्या लॅपटॉपवर मोलाचं काय आहे? ब्राउझरमधली चालू सेशन्स, कागदपत्रं, फोटो, एसएसएचच्या किल्ल्या. हे सगळं होम फोल्डरमध्ये असतं आणि तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते वाचू शकतो, रूट न होता. म्हणून फारसा भरवसा नसलेले प्रोग्रॅम मी फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या पद्धतीने, घेतो आणि फ्लॅटसील नावाच्या छोट्या साधनाने त्यांच्या परवानग्या बघतो. पूर्ण होम फोल्डरची परवानगी मागणारा प्रोग्रॅम नावालाच बंदिस्त असतो. लॉगिनच्या पडद्यावर वेलँड (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी नवी व्यवस्था) निवडलेलं आहे ना, तेही बघा. जुन्या एक्स११ मध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणारं सगळं ऐकू शकतो, बँकेच्या पासवर्डसकट.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन, जे हाताला बसेल ते. पहिल्यात फाइल तुमच्याकडे राहते आणि तिचा बॅकअपही तुमच्याच डोक्यावर. दुसरं अनेक उपकरणांवर सोपं पडतं. पासवर्ड मॅनेजरचा कमी बोलला जाणारा फायदा म्हणजे तो वेबसाइटचा पत्ता बघून पासवर्ड भरतो. नेहमीच्या पानावर तो गप्प बसला तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग ही एनपीएमवरची (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या संग्रहातली) अफाट वापरातली पॅकेजं सांभाळणारा अनुभवी डेव्हलपर ‘टू-फॅक्टर अपडेट करा’ अशा बनावट ईमेलला फसला, आणि पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. घाईच्या क्षणी कुणाचंही असं होऊ शकतं. मुख्य ईमेल खात्याला टू-फॅक्टर लावा, जमल्यास हार्डवेअर की घ्या, आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर ठेवा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? उबंटू बसवताना तो पर्याय निवडला नसेल तर चालत्या डिस्कवर खटपट करू नका. बॅकअप घेऊन नव्याने बसवणं सोपं आणि कमी धोक्याचं. लॅपटॉप पूर्ण बंद असतो तेव्हाच हे संरक्षण पुरतं लागू असतं, झोपलेल्या लॅपटॉपची किल्ली मेमरीतच असते. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायच्या लक्स या पद्धतीत खरी किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते आणि तुमचा पासफ्रेज फक्त तो हेडर उघडतो. एका बाईंची डिस्क माझ्याकडे आली होती. दुसरी सिस्टिम बसवताना चुकून तो हेडर पुसला गेला होता. पासफ्रेज त्यांना तोंडपाठ होता, डेटाही डिस्कवर जसाच्या तसा होता, आणि त्यातलं एक अक्षरही परत मिळालं नाही. त्यांच्या पीएचडीची टिपणं होती ती. तेव्हापासून मी हेडरची प्रत काढून वेगळ्या जागी ठेवल्याशिवाय कुणाचं मशीन परत देत नाही. लक्स सांभाळणाऱ्या ‘क्रिप्टसेटअप’ या साधनात त्यासाठी कमांड आहे. ती प्रत मात्र किल्लीइतकीच जपा.

त्या बाईंकडे बॅकअप असता तर काहीच बिघडलं नसतं. टाइमशिफ्टवर विसंबू नका, तो सिस्टिमच्या फायली जपतो आणि मुळात होम फोल्डर वगळतो. बॅकअपसाठी डेजा डुप घ्या, कमांडची भीती नसेल तर रेस्टिक किंवा बॉर्ग. एक प्रत घराबाहेर, एन्क्रिप्ट केलेली. तीन महिन्यांतून एकदा एखादं फोल्डर खरोखर परत काढून उघडून बघा.

फायरवॉल: उबंटूसोबत येणारी यूएफडब्ल्यू चालू करा, आत येणारं सगळं बंद, बाहेर जाणारं चालू. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रिंटर शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउज्ड’ या सेवेत चुका सापडल्या. ती बाहेरच्या कुणाचंही ऐकून खोटा प्रिंटर जोडून घेत होती. ज्यांची फायरवॉल चालू होती त्यांच्यापर्यंत इंटरनेटवरून येणारा तो संदेश पोचत नव्हता. व्हीपीएनने तुमचा ट्रॅफिक एका कंपनीऐवजी दुसरीला दिसतो, एवढंच. तुमच्या काळजीवर तो उपाय नाही.

राहिल्या त्या पेस्ट केलेल्या कमांड. टर्मिनलच्या हिस्ट्रीत त्या अजून असतील, शोधून काढा. प्रत्येकीचा पत्ता प्रकल्पाचाच होता का ते बघा. प्रकल्प ओळखीचा आणि पत्ता बरोबर असेल, तर प्रोग्रॅम काढा, त्याने जोडलेला रेपो आणि किल्ली काढा, आणि तोच प्रोग्रॅम उबंटूच्या रेपोतून किंवा फ्लॅटपॅकमधून पुन्हा घ्या. त्यातल्या एखाद्या कमांडचा जरी उगम सांगता येत नसेल, तर मी त्या मशीनवरून बँकेत शिरणार नाही. कागदपत्रांचा बॅकअप घ्या, प्रोग्रॅमचा नको. आयएसओ दुसऱ्या मशीनवर उतरवून सही तपासा, उबंटू नव्याने बसवा, आणि मगच पासवर्ड बदला. ईमेलचा सगळ्यात आधी, लगेच बँकेचा. एका रविवारचं काम आहे. हिस्ट्रीत नेमक्या कुठल्या ओळी सापडतात त्या सांगा, पासवर्ड किंवा टोकन असेल तर तेवढं पुसून. पुन्हा बसवायची गरज आहे की नाही, ते मी बघून सांगतो.